सारसोळ्याचे ऑपेरावाले

घर भाड्यानं घ्यायला गेलं की मालक लोक काय काय विचारतात, हे एव्हाना मला आणि माझ्या नवऱ्याला पाठ झालं होतं. नोकरी कुठे, माणसं किती, गावाकडचे पाहुणे फार येतात का. नेरूळमधल्या सारसोळे गावातल्या या मालकांनी त्यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी आम्हाला सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं, स्वतः समोर खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "एक गाना लावतो. आयका. मंग बघू."

गाणं सुरू झालं. कुठलीशी परदेशी बाई कुठल्याशा परदेशी भाषेत आधी हळू गात होती, मग एकदम अशी वर गेली की शोकेसमधले कप किणकिणले. मालक गाणं ऐकतच नव्हते. ते आमची तोंडं बघत होते. माझ्या नवऱ्यानं नेमकं त्याच क्षणी घड्याळ बघितलं. माझ्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. त्याचं कारण असं, की आत मालकीणबाई वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्या भाजत होत्या आणि मधलं दार सताड उघडं होतं. खुलासा करावा म्हणून मी तोंड उघडलं, तर असा ठसका लागला की हुंदकाच वाटावा.

"बस," मालक म्हणाले. "यांना नाय समाजला. पन बायला समाजला. घर तुमचा."

अशा रीतीनं मिरच्यांच्या कृपेनं आम्हाला दुसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. आता आम्ही ऐरोलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. खाली सिक्युरिटी आहे, वर जिम आहे, आणि रविवारी सकाळी कुणीही कुणावर ओरडत नाही. मला तिथे अजून करमत नाही.

मालकांना अख्खं गाव दादा म्हणायचं. जातीचे कोळी, वय साठीच्या पुढचं, मिशा भरघोस, गळ्यात सोन्याची जाड साखळी, अंगात बनियन आणि खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता बैलगाड्यांच्या शर्यतीबद्दल बोलणार. आणि ते बोलायचे आरियाबद्दल. आरिया म्हणजे काय, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यांनी दोन्ही हात पसरून सांगितलं, "बघ बाय. ऑपेरा म्हंजे नाटक, पन बोलनार कोन नाय, सगला गाऊन. आनि आरिया म्हंजे काय, तं नाटक थांबतं. मानूस जाग्यावर उभा ऱ्हातं आनि मनान काय हाय ता गातं. पोटान सुरा घुसला असला तरी मरन थांबतं. आरिया झाली का मंग मरतं."

मी सांगलीची. माहेरी नाट्यपदांचं वेड, त्यामुळे अंतिम श्वासाला ताना घेणारे नायक मला नवे नव्हते. मी तसं म्हटल्यावर दादा खूश झाले आणि त्यांनी मला कायमची भरती करून घेतली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते जहाजावर. तरुणपणी दादा एका इटालियन मालवाहू जहाजावर खलाशी होते. तिथला मुख्य आचारी नेपल्सचा. तो कांदा चिरताना टेपवर ऑपेरा लावायचा आणि रडायचा. कांद्यानं की गाण्यानं, ते दादांना कधी कळलं नाही. जहाज नेपल्सला लागलं की तो दादांना थिएटरात घेऊन जायचा. तिकीट सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त सज्जाचं. खाली सुटाबुटातली माणसं, वर मासेवाले, न्हावी, पेन्शनर. दादा म्हणायचे की खरं ऐकणारे सगळे वर असतात, कारण खालचे लोक बायकोला दाखवायला आलेले असतात.

गाणाऱ्या बायांची आणि बाप्यांची नावं दादांच्या जिभेला वळत नसत. त्यांनी त्या भानगडीत न पडता सगळ्यांना माशांची नावं दिली होती. भरदार आवाजाची एक बाई होती, ती सुरमई. "मांस भरलेला, आनि काटा मधे एकच." गोड आवाजाची, सगळ्या जगाला आवडणारी, ती पापलेट. "पोरासोरांना पन चालतं. मना जरा सोपा वाटतं." एक हळवा गवय्या होता, तो बोंबील, कारण हातात धरला की मोडतो. एका जाड्या, खालच्या पट्टीतल्या बाईला ते पाला म्हणायचे. "काटं लय. पन ज्याला खावाला जमला त्याला दुसरा काय नको." आणि जिताडा एकच होती. ती वारली होती. तिचं रेकॉर्डिंग लावायच्या आधी दादा हात धुऊन यायचे.

पारखही बाजारातलीच. "पयला श्वास आयकाचा," ते मला शिकवायचे. "मासा घेताना कल्ला उघडून बघतंस ना? लाल हाय का बघतंस ना? तसा. ती गावाच्या आदी श्वास घेते, त्याच्यान सगला समाजतं. श्वास ताजा तं गाना ताजा." मी सांगलीच्या थिएटरांत वाढले, पण गाणाऱ्याचा श्वास ऐकायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मला बाकी काहीच नीट ऐकू येईनासं झालं. ऑफिसात मॅनेजर बोलायला लागले की मी त्यांचे कल्ले बघायची.

दर रविवारी सकाळी दादा गच्चीवर पाण्याच्या टाक्यांशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. शेजारी स्पीकर. मोठी आरिया असली की बनियनवर जहाजावरून आणलेला काळा कोट चढत असे, चड्डी मात्र तीच. त्या तासाभरात बिल्डिंगमध्ये कुणीही कुकर लावायचा नाही असा हुकूम होता. तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना हा नियम ठाऊक नव्हता. त्यांनी पहिल्याच रविवारी राजमा लावला. सुरमई अगदी टोकाच्या सुरावर पोचली आणि खालून शिट्टी झाली. दादा तरातरा तीन जिने उतरून गेले. मी मागे धावले, म्हटलं आता या बिचाऱ्यांना घर सोडावं लागणार. दादांनी दार वाजवलं, कुकरकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "कंची कंपनी? सुरान हाय." मग तोच कुकर घ्या म्हणून ते सगळ्या बिल्डिंगच्या मागे लागले.

या माणसाचा एकच मोठा अवगुण होता, आणि तो त्यांनी नेपल्सच्या त्याच सज्जातून आणला होता. तिथे रिवाज असा, की गाणाऱ्याचा सूर पडला तर वरच्या सज्जातले लोक टाळ्या वाजवत नाहीत, "बूऽऽऽ" करतात. मोठ्यात मोठ्या बाईलाही करतात. एकदा म्हणे दादांच्या शेजारच्या एका म्हाताऱ्यानं अशाच एका थोर बाईला बू केलं आणि मग बाहेर येऊन जिन्यावर ढसाढसा रडला. दादांनी आचाऱ्यातर्फे विचारलं, बाबा रे, रडतोस का? म्हातारा म्हणाला, "या बाईवर माझ्याइतकं प्रेम इथे कुणाचं नाही. बाकीचे टाळ्या वाजवून जेवायला गेले."

झालं. दादांनी हे ब्रह्मवाक्य गाठीला बांधून सारसोळ्यात आणलं. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला बू. टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या परीक्षकांना बू. रोज सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीला बू. एका कुल्फीवाल्याच्या आरोळीला त्यांनी गॅलरीतून बू केलं, तर त्याला वाटलं गिऱ्हाईक हाक मारतंय, आणि तो कुल्फी घेऊन वर आला. लहान मुलांना मात्र ते कधी बू करत नसत. "मासोली वाढू दे," म्हणायचे. "मंग जाल टाकू."

इथवर सगळं हसण्यावारी जायचं. पण त्यांनी एकदा स्वतःच्या सख्ख्या मोठ्या बहिणीला बू केलं, आणि तिथे सगळं फिसकटलं.

ही बहीण, म्हणजे दादांच्या मुलीची आत्या. आम्हीही तिला आत्याच म्हणायचो. दोन गल्ल्या सोडून राहायची, नेरूळच्या बाजारात मासे विकायची, आणि गावची धवलारीण होती. धवलारीण म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. भटजी नंतर येतो, त्याच्या आधी हळदीपासूनचं सगळं लग्न ती गाण्यावर चालवते. कोणी कधी हळद लावायची, कोणी पाणी घालायचं, सगळं धवल्यात असतं. ती गात जाते आणि बायका तसतसं करत जातात.

दादांच्या एका चुलत पुतण्याच्या हळदीला आत्या गात होती. आम्ही तेव्हा सारसोळ्यात आलोही नव्हतो, पण हा प्रसंग मला इतक्या जणांनी साभिनय सांगितलाय की मीच मांडवात होते असं वाटतं. मांडव खचाखच भरलेला. कोणी मोबाइलवर, कोणी जेवणाच्या वासाकडे तोंड करून, पोरं डीजेवाल्याच्या मागे लागलेली. आत्या गातेय. आणि मध्येच मागच्या खुर्च्यांवरून दादांचा भरघोस आवाज आला, "बूऽऽऽऽ!"

नवरदेव दचकून पाटावरून पडला. कुणाला वाटलं म्हैस घुसली. आत्यानं गाणं पुरं केलं, हळदीची वाटी खाली ठेवली, आणि सगळ्यांसमोर भावाला सांगितलं की तुझ्या घरात मी पाय ठेवीन तर मेलेली. दादांना वाटलं, बाई तापली आहे, निवेल. बाई निवली नाही. रस्त्यात दादा दिसले की ती टोपली डोक्यावर असतानाही वळून दुसऱ्या गल्लीनं जायची.

आणि मग दादांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी ऐरोलीत सॉफ्टवेअर कंपनीत होती, मुलगाही ऐरोलीचाच, कोळ्यांचाच. सगळं साग्रसंगीत जुळलं. दादांनी हॉलपासून हापूसपर्यंत सगळं ठरवलं. मुलगी म्हणाली, "डॅडी, ते सगळं ठीक. पण माझी हळद आत्याच्या धवल्यावर लागेल. नाहीतर आम्ही दोघं कोर्टात जाऊन सही करून येतो. नो टेन्शन."

"धवलारनी का एकच हाय जगान?" दादा गरजले.

"माझी आत्या एकच हाय," मुलगी म्हणाली, आणि लॅपटॉप उघडून कामाला लागली.

मुलगी बोलल्याप्रमाणे करणारी होती, हे दादांना माहीत होतं, कारण तो गुण तिनं त्यांच्याकडूनच घेतला होता. एकुलत्या एक मुलीची हळद दारात लागणार नाही, ती कोर्टात सही करून येणार, या विचारानं त्या माणसाची झोप उडाली. पुढच्या रविवारी गच्चीवर स्पीकर लागला नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी बिनधास्त कुकर वाजले आणि कुणालाही बरं वाटलं नाही.

पण म्हणून बहिणीची माफी मागावी? छे! दादांनी आधी दुसरी धवलारीण शोधली, म्हटलं पोरीला आवाज आवडला तर ऐकेल. करंजाड्याहून एक म्हातारी रिक्षानं आणली. बिचारी हातात पिशवी घेऊन आली, तिला वाटलं लग्नाची बोलणी आहेत. दादांनी तिला हॉलच्या मधोमध उभं केलं, स्वतः पाठ फिरवून बसले आणि म्हणाले, "गा."

म्हातारीनं गायला सुरुवात केली.

"थांब. श्वास परत घे."

"का?"

"शिला हाय."

म्हातारीनं मालकीणबाईंकडे बघितलं. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. दादांनी तिला आणखी वर जायला सांगितलं, मग आणखी वर. तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हातारीनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "याचे वर देव हाय बाबा, मी आताच नाय जानार." चहा न घेता ती करंजाड्याला परत गेली.

मग दादांनी माफी मागायची ठरवली, पण तीही नेपल्सच्या पद्धतीनं. तिथे म्हणे लोक रुसलेल्या गायिकेवर सज्जातून फुलं फेकतात. दादांनी गुलाबांचा हा एवढा गुच्छ बनवून घेतला, कोट चढवला, आणि भर दुपारी आत्याच्या घरासमोर गल्लीत उभं राहून तो तिच्या खिडकीवर फेकला. जहाजावरचा दोर फेकायचा हात होता, नेम मात्र कानाइतका पक्का नव्हता. गुच्छ खिडकीखाली काठीवर वाळत घातलेल्या बोंबलांवर आदळला. काठी पडली. गल्लीतल्या सगळ्या मांजरांना आमंत्रण गेलं. आत्या बाहेर आली तेव्हा अंगणात मांजरं, गुलाबांच्या पाकळ्या आणि कोट घातलेला भाऊ, एवढंच उरलं होतं. ती काही न बोलता झाडू घेऊन आली, आणि पुढे झाडू कशासाठी वापरला याबद्दल गावात दोन मतं आहेत.

त्या संध्याकाळी दादा आमच्याकडे येऊन बसले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला म्हातारा वाटला.

"बाय, तू जा," ते म्हणाले. "तुना गान्यातला समाजतं. तू तिला सांग, मी लबाडी नाय केली. खरा चुकलेली ती."

"दादा, माफी मागायला जायचं की चूक दाखवायला?"

"दोन्नी," दादा म्हणाले.

माझी मुळातच दूतकर्म करायची हौस दांडगी. गेले. आत्या बाजारात कोयत्यावर घोळ मासा कापत बसली होती. मी कोण हे तिला माहीत होतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "त्यानं पाठवला ना?"

मी हो म्हटलं.

"काय म्हनतं? चुकली म्हनतं?"

मी माशाचा भाव विचारला. घोळ कापणाऱ्या बाईशी जपून बोलावं.

आत्यानं एक तुकडा बाजूला सारला. "चुकलीच व्हती," ती म्हणाली. "दम नाय पुरला, मधला अर्धा कडवा गिलला मी. एवरा मांडव भरलेला. माजे संगतीला गानारी बाय, तिला पन नाय समाजला. नवरदेवाची आई रडत व्हती, तिला नाय समाजला. याला समाजला." तिनं कोयता पुसला. "तवापासून कोनच आयकत नाय गो. मी गाते आनि पोरी फोटो काढतान. एक हा गाढव आयकत व्हता."

"मग आत्या, या ना हळदीला."

"समाजला तं घरी येवाचा, चा पिवाचा, आनि सांगाचा. मांडवान भूऽऽ करतं? मी काय रेडा हाय?" आत्याचा आवाज चढला आणि शेजारच्या टोपल्यांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. मग ती जरा थांबली. "पोरीसाठी येन. पन घरान पाय नाय ठेवनार, मांडवान बसन. मांडव रस्त्यावर हाय, रस्ता सरकारचा. डीजे बंद पायजे. आनि त्याचा तोंड बंद पायजे."

डीजे बंद करणं सोपं होतं. तोंडाचं काम मालकीणबाईंनी अंगावर घेतलं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी दादांना पहिल्या रांगेत बसवण्यात आलं. मालकीणबाईंनी त्यांच्या एका गालात अख्खी सुपारी आणि दुसऱ्या गालात विडा कोंबला होता. त्यामुळे सनई वाजवणाऱ्या माणसासारखे ते दिसत होते. एका बाजूला मालकीणबाई त्यांचं मनगट धरून बसल्या, दुसऱ्या बाजूला मी. काही झालं तर पायावर पाय द्यायचा, अशी मला सूचना होती. मुलगी पाटावर बसली, पिवळी साडी, चेहऱ्यावर घाम. ती बापाकडे एकटक बघत होती.

आत्या आली. नवी नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा. भावाकडे न बघता ती बसली, आणि तिनं श्वास घेतला. मी तो ऐकला. दादांनी माझ्याकडे बघून गालांतल्या ऐवजासकट मान हलवली.

खरं सांगते, तो आवाज गोड नव्हता. जन्मभर बाजारात हाका मारून खरखरीत झालेला, सरळ, उंच आवाज. पण तो वर गेला आणि तिथे नुसता उभा राहिला. काही घाई नाही, की कुणाला खूश करायचं नाही. तिनं आईचं नाव घेतलं तशी मालकीणबाई उठल्या आणि त्यांनी हळद लावली. काकूचं घेतलं, काकू उठली. मामीचं घेतलं, मामी उठली. फोटो काढणाऱ्या पोरींचे मोबाइल हळूहळू खाली आले. मला भरून आलं, आणि तिथे जवळपास कुणी मिरच्या भाजत नव्हतं. डीजेवाला सुद्धा हात जोडून उभा होता.

धवला संपला. कुणी हललं नाही. कारण सगळ्यांना एकच भीती होती, आणि ती भीती तोंडातला विडा काढून हातात घेत होती.

मालकीणबाई मुलीला हळद लावायला गेल्या होत्या, मनगट मोकळं होतं. मी पायावर पाय दिला. दादा तरी उठलेच. सुपारीही काढली. मुलीनं डोळे मिटले. आत्या ताठ बसली.

"वन्स मोर!" दादा ओरडले.

दादांनी सुरमईला कधी वन्स मोर दिला नव्हता. जिताड्यालाही नाही.

पण नाटकात वन्स मोर देणं वेगळं आणि हळदीत वेगळं. धवला परत म्हणजे हळद परत, आईपासून मामीपर्यंत सगळी परत. एक म्हातारी काठी टेकत उठली आणि किंचाळली, "हलद दोनदा? पोरीचा दुसरा लगीन ठरवतंस का रं मेल्या?" मुलाकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मालकीणबाईंनी नवऱ्याला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

पाटावरून मुलगी म्हणाली, "लागू दे गो दोनदा. नवरा तोच ठेवते."

मांडवात असा हशा पिकला की म्हातारीसुद्धा खाली बसली. आत्यानं भावाकडे बघितलं, किती दिवसांनी कोण जाणे, आणि पुन्हा श्वास घेतला. हळद मधेच संपली. मग कुणीतरी धावत जाऊन स्वयंपाकाच्या टोपांजवळचं भांडं आणलं, त्यात हळदीबरोबर आणखी बरंच काही होतं. लग्न लागेपर्यंत नवरीला सुक्या मटणाचा वास येत होता.

कार्य आटपलं. पंगती बसल्या. जो तो येऊन आत्याला सांगत होता, काय गायलीस, दोन्ही वेळा काय गायलीस. आत्या हं हं करत होती, तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. शेवटी ती उठली आणि घराच्या दाराशी उभ्या असलेल्या दादांसमोर जाऊन उभी राहिली.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"कुटला बरा? पयला का दुसरा?"

मालकीणबाईंनी मागून दादांना असा चिमटा काढला की मलाच कळ आली. पण दादांना खोटं बोलता येत नसे.

"पयला," ते म्हणाले. "दुसऱ्याला दम गेला तुजा. शेवटी शेवटी नुसती वरडत व्हतीस."

मी मनात म्हटलं, गेलं सगळं पाण्यात.

"मंग दुसऱ्यांदा कशाला गावाला लावलास रं मना?"

दादांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते.

"लय दिस आयकला नव्हता गो," ते म्हणाले. "परत आयकाचा व्हता."

"तवा तसा सांगाचास ना, गाढवा," आत्या म्हणाली, आणि चप्पल काढून घरात गेली.